खूण म्हणजे कारण नव्हे! पेशीतील सूक्ष्मनलिकांचे कोडे आणि पवईतील प्रयोग

मुलुंड असो वा बोरिवली, अंधेरी असो वा घाटकोपर. उपनगरांत कोठेही नजर टाकली, तरी बांधकाम चालू असलेल्या इमारतीभोवती बांबूंची परांची दिसतेच. काम सुरू झाले की ती उभारली जाते, काम संपले की सोडवली जाते. ती भक्कम असावी लागते, तशीच ती वेळेवर उतरवताही यावी लागते. माणसाच्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींच्या आतही अशीच उभारणी आणि उतरवणी अहोरात्र सुरू असते. तेथील बांबू म्हणजे ‘सूक्ष्मनलिका’, इंग्रजीतील ‘मायक्रोट्युब्यूल’.

या नलिकांवर पेशी ठिकठिकाणी रासायनिक खुणा करीत असते. ज्या नलिका दीर्घकाळ टिकतात, त्यांच्यावर या खुणा अधिक आढळतात. साहजिकच, खुणेमुळेच नलिकेला स्थैर्य येते, असा समज शास्त्रज्ञांमध्ये अनेक वर्षे प्रचलित होता. तथापि, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच आयआयटी मुंबईत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या समजाकडे नव्याने पाहण्यास भाग पाडले. प्रश्न वरकरणी केवळ प्रयोगशाळेपुरता वाटतो. पण कर्करोगावरील काही अत्यंत महत्त्वाची औषधे याच नलिकांवर काम करीत असल्याने त्याचे उत्तर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते.

बांधणी आणि मोडणी

सूक्ष्मनलिका ‘ट्युब्युलिन’ नावाच्या प्रथिनापासून तयार होते. या प्रथिनाचे अल्फा आणि बीटा असे दोन भाऊ जोडीने वावरतात. अशा असंख्य जोड्या एकापुढे एक लागून रांग बनते आणि सर्वसाधारणपणे अशा १३ रांगा कडेने एकमेकींना चिकटून आतून पोकळ अशी नळी तयार होते. तिची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जवळपास तीन हजारावा हिस्सा असते.

या नळ्यांची कामे अनेक आहेत. पेशीला आकार देणे हे त्यातील एक. दुसरे काम वाहतुकीचे. रुळांवरून लोकल धावावी, तशी ‘कायनेसिन’ आणि ‘डायनिन’ ही चालक प्रथिने या नळ्यांवरून माल वाहून नेतात. पाठीच्या कण्याजवळून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. इतक्या अंतरावर रसद पोहोचवायची, तर रूळ शाबूत असणे अपरिहार्यच. तिसरे आणि सर्वांत नाट्यमय काम पेशीविभाजनाच्या वेळी होते. शालेय पुस्तकांत ज्यांची ओळख ‘तुर्कतंतू’ म्हणून करून दिली जाते, ते तंतू सूक्ष्मनलिकांचेच बनलेले असतात. गुणसूत्रांना पकडून त्यांची दोन समान हिश्शांत वाटणी करणे, ही जबाबदारी त्यांची.

मात्र, या नळ्या दगडी खांबांसारख्या स्थिर नसतात. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये त्यांचा एक विलक्षण गुणधर्म जगापुढे मांडला. नळीचे टोक काही काळ हळूहळू वाढत जाते, मध्येच थबकते आणि मग अचानक वेगाने आखडू लागते. शेजारची नळी त्याच वेळी वाढत असते. या वर्तनाला त्यांनी ‘गतिमान अस्थैर्य’ असे नाव दिले. हे अस्थैर्य हा दोष नव्हे. तीच पेशीची ताकद आहे. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांचा शोध घेण्यासाठी नळ्यांना चहूकडे वाढून, रिकाम्या हाताने परत येऊन, पुन्हा नव्या दिशेने जावे लागते. ही चपळाई गेली की विभाजन अडते.

कळलावी, सदाफुली आणि टॅक्सॉल

सूक्ष्मनलिकांवर घाव घालणारी अस्त्रे निसर्गाने वनस्पतींकडे आधीच सोपवून ठेवली आहेत. पावसाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले मिरवणारी कळलावी अनेकांनी पाहिली असेल. या वेलीचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी असतात. त्यातील ‘कोल्चिसिन’ हे द्रव्य ट्युब्युलिनला घट्ट चिकटते आणि नळीची बांधणी रोखते. १९६० च्या दशकात हे प्रथिन वेगळे ओळखता आले, तेही ‘कोल्चिसिनला चिकटणारे प्रथिन’ म्हणूनच. अत्यल्प मात्रेत हेच विष संधिवाताच्या एका प्रकारावर, ‘गाउट’वर, औषध ठरते.

अंगणातील सदाफुलीची कथाही अशीच. मूळची मादागास्करची ही वनस्पती. तिच्यापासून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे रक्ताच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांवर गेली कित्येक दशके वापरात आहेत. तीही नळीची बांधणी रोखतात.

याच्या नेमके उलट काम करणाऱ्या औषधाच्या शोधाशी महाराष्ट्राचे नाते आहे. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात डॉ. मनरो वॉल यांच्यासमवेत काम करताना ‘पॅसिफिक यू’ या झाडाच्या सालीतून ‘टॅक्सॉल’ हे द्रव्य वेगळे केले. त्याची रासायनिक रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ते पेशीत नेमके काय करते, याचा उलगडा न्यूयॉर्कमधील डॉ. सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये केला. टॅक्सॉल नळ्या मोडत नाही; उलट त्या मोडूच देत नाही. ‘पॅक्लिटॅक्सेल’ या नावाने अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला बीजाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावरही ते वापरले जाऊ लागले. डॉ. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

एक औषध बांधणी रोखते, दुसरे मोडणी रोखते. तरी परिणाम एकच, कर्कपेशीचे विभाजन थांबते. हे कसे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत डॉ. लेस्ली विल्सन आणि डॉ. मेरी अॅन जॉर्डन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की मात्रा अल्प असेल तर या दोन्ही प्रकारच्या औषधांनी नळ्यांच्या एकूण संख्येत फारसा फरक पडत नाही. त्यांची चपळाई मात्र संपते. म्हणजे प्रश्न नळ्या किती आहेत हा नसून त्या किती हालतात हा आहे. याच गटात काम करून आलेले डॉ. दुलाल पांडा यांनी पुढे पवईच्या आयआयटीत, जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात, या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. गजकर्णावरील जुने औषध ग्रिसिओफुल्विन आणि हळदीतील कर्क्युमिन ही द्रव्ये सूक्ष्मनलिकांवर काय परिणाम करतात, याचा अभ्यासही तेथे झाला. अर्थात, प्रयोगशाळेतील पेशींवर दिसलेला परिणाम म्हणजे रुग्णावरील उपचार नव्हे, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवे.

खुणांची भाषा

औषध हा बाहेरचा हस्तक्षेप झाला. पण पेशी स्वतःही आपल्या नळ्यांमध्ये बदल घडवीत असते. ट्युब्युलिन एकदा तयार झाले, की त्यावर निरनिराळे रासायनिक गट जोडले किंवा काढले जातात. कधी शेपटीकडचा ‘टायरोसिन’ हा घटक कापला जातो, कधी ‘ग्लुटामेट’च्या साखळ्या जोडल्या जातात, तर कधी ‘ॲसिटिल’ नावाचा छोटासा गट चिकटवला जातो. यांपैकी ॲसिटिल खुणेची कहाणी सर्वांत रंजक.

अमेरिकेतील येल विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘क्लॅमिडोमोनास’ या एकपेशीय हिरव्या शैवालाच्या शेपटीत ही खूण प्रथम आढळली. ती अल्फा ट्युब्युलिनच्या साखळीतील ४० व्या क्रमांकाच्या ‘लायसिन’ या घटकावर असते. विशेष म्हणजे ही जागा नळीच्या बाहेर नसून आतल्या पोकळीत आहे. नळीच्या भिंतीला आतून लावलेला रंगाचा ठिपकाच जणू!

खूण करणारे आणि पुसणारे अशी दोन निरनिराळी विकरे पेशीत असतात. पुसणाऱ्या विकराचा शोध आधी लागला. ‘एचडीएसी-६’ असे त्याचे नाव असून ते ट्युब्युलिनवरील ॲसिटिल गट काढून टाकते, हे २००२ मध्ये निष्पन्न झाले. खूण करणारे विकर मात्र २०१० मध्ये हाती लागले.

दीर्घायुषी नळ्यांवर ही खूण दाट असते. नुकत्याच उभ्या राहिलेल्या नळ्यांवर ती विरळ. टॅक्सॉलसारखे औषध देऊन नळ्या गोठवल्या, तरी खुणा वाढतात. त्यामुळे ‘खूण आहे म्हणून नळी टिकते’ असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. मात्र, याच निरीक्षणाचा उलटा अर्थही लागू शकतो. नळी दीर्घकाळ टिकली, म्हणून तिच्यावर खूण करण्यास विकराला पुरेसा अवधी मिळाला असेल! जुन्या भिंतीवर शेवाळ दिसते. पण शेवाळ आहे म्हणून ती भिंत उभी राहिलेली नसते.

पवईत काय घडले?

या दोन शक्यतांचा निवाडा करायचा, तर खुणा वाढवून पाहावे लागेल. त्यासाठी पुसणारे विकर बंद पाडणे हा सोपा मार्ग. डॉ. पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. पण दोन निरनिराळ्या रीतींनी. सारे महत्त्व आहे ते या दुसऱ्या रीतीला.

प्रयोगासाठी ‘एमसीएफ-७’ या पेशी घेण्यात आल्या. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १९७० मध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या एका जोगिणीच्या शरीरातून घेतलेल्या पेशींपासून हा वंश सुरू झाला. जगभरातील प्रयोगशाळांत स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी तो आजही वापरला जातो.

पहिल्या रीतीत पेशींना ‘ट्युबास्टॅटिन’ हे द्रव्य देण्यात आले. ते एचडीएसी-६ च्या कार्यस्थानी जाऊन बसते आणि त्याचे पुसण्याचे काम थांबवते. अपेक्षेप्रमाणे नळ्यांवरील ॲसिटिल खुणा वाढल्या. त्याचबरोबर नळ्याही चिवट झाल्या. सस्तन प्राण्यांच्या पेशी थंड केल्या की त्यांतील बहुतेक सूक्ष्मनलिका विरघळून जातात. ‘नोकोडाझोल’ नावाचे द्रव्यही त्या मोडून टाकते. ट्युबास्टॅटिन दिलेल्या पेशींतील नळ्या मात्र या दोन्ही आघातांना अधिक तोंड देऊ शकल्या. जिवंत पेशीतील एकेका नळीच्या टोकाची वाढ आणि घट सूक्ष्मदर्शकाखाली मोजली असता त्यांची चपळाईही मंदावल्याचे दिसले. येथेच थांबले असते, तर ‘खुणा वाढल्या, म्हणून स्थैर्य वाढले’ हा जुना निष्कर्ष पुन्हा एकदा अधोरेखित झाला असता.

दुसऱ्या रीतीत विकराला औषध देऊन रोखण्याऐवजी त्याच्या जनुकाचा संदेशच दाबण्यात आला. परिणामी पेशीत एचडीएसी-६ तयार होण्याचे प्रमाण घटले. खुणा पुसणाराच नसल्याने खुणा याही वेळी वाढल्या. पण नळ्या तशा चिवट झाल्या नाहीत! खुणा दोन्हीकडे वाढलेल्या. स्थैर्य मात्र एकीकडेच. म्हणजे स्थैर्याचे कारण केवळ खूण असू शकत नाही.

मग कारण कोणते? संशोधकांना आढळले, की औषधाने निकामी झालेले एचडीएसी-६ नळीला अधिक प्रमाणात चिकटून राहते. हे चिकटून राहणेच नळीला आधार देते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. हे संशोधन ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इस्रायलमधील संशोधकांनी २००९ मध्ये निराळ्या पेशींवर केलेल्या प्रयोगांचा कलही याच दिशेने होता.

परांचीच्या उदाहरणाने ही बाब स्पष्ट होईल. बांबूंवरील रंगाच्या खुणा पुसण्यासाठी एक कामगार नेमला आहे, असे समजू. त्याला घरी पाठवले, तर खुणा तशाच राहतील. परांचीच्या मजबुतीत मात्र फरक पडणार नाही. दुसऱ्या वेळी त्याला परांचीवरच ठेवले. फक्त हातातील फडके काढून घेतले. खुणा याही वेळी राहतील. पण आता हाताला काम नसलेला हा गडी दोन्ही हातांनी बांबू कवटाळून बसला आहे आणि त्या मिठीमुळे परांची डुगडुगायची थांबली आहे. दुरून पाहणाऱ्याला केवळ खुणा दिसल्या, तर मजबुतीचे श्रेय तो खुणांनाच देईल.

या निष्कर्षाशी सुसंगत पुरावा प्राण्यांमधूनही आधीच उपलब्ध होता. एचडीएसी-६ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात ॲसिटिल खुणांचे प्रमाण प्रचंड वाढले होते. तरी ते उंदीर जगले, वाढले आणि त्यांना पिलेही झाली. खुणेने नळ्या खरोखरच गोठत असत्या, तर पेशीविभाजन कोलमडून हे घडणे अवघड होते.

मग खूण कशासाठी?

याचा अर्थ ही खूण निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. निसर्ग शैवालापासून माणसापर्यंत जी गोष्ट जपतो, तिला सहसा काही तरी प्रयोजन असते. त्यावर प्रकाश पडला तो २०१७ मध्ये. अमेरिका आणि फ्रान्समधील संशोधकांनी त्या वर्षी एकत्रितपणे दाखवले, की ॲसिटिल खूण नळीला वाकण्याच्या ताणापासून वाचवते.

पेशी सतत आकसते, पसरते, सरकते. तिच्यातील नळ्या पुन्हा पुन्हा वाकवल्या जातात. वारंवार वाकवलेली तार जशी एका जागी तुटते, तशी नळीही झिजते आणि तुटते. ॲसिटिल गटामुळे नळीच्या शेजारी-शेजारी असलेल्या रांगांमधील पकड किंचित सैल होते. त्यामुळे नळी अधिक लवचीक बनते आणि तुटण्याऐवजी वाकून पुन्हा सरळ होते. येथे गंमत अशी, की खूण नळीला ताठ करीत नाही. ती तिला लवचीक करते. पुरात ताठ झाड मोडते आणि लव्हाळे वाचते, ही मराठी माणसाची जुनी समजूत पेशीच्या आतही खरी ठरते.

म्हणजेच ‘स्थैर्य’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी दडलेल्या होत्या. नळीच्या टोकाची वाढ-घट मंदावणे हे एक स्थैर्य. नळी मधूनच न तुटता झीज सोसणे हे दुसरे. ॲसिटिल खूण दुसऱ्या प्रकारात मदत करते. पहिल्या प्रकाराचे श्रेय तिला देणे मात्र घाईचे होते.

रुग्णाच्या दृष्टीने

या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न पडणे रास्त आहे. पहिली बाब औषधांच्या चाचणीची. एखाद्या नव्या द्रव्यामुळे पेशीतील नळ्या स्थिर झाल्या का, हे तपासण्यासाठी ॲसिटिल खुणेचे प्रमाण मोजणे ही सोपी आणि स्वस्त रीत आहे. पण खूण वाढली म्हणजे नळी गोठलीच, असे मानले तर निष्कर्ष चुकू शकतो. टोकांची हालचाल प्रत्यक्ष मोजण्याला पर्याय नाही.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. एचडीएसी-६ रोखणाऱ्या ‘रिकोलिनोस्टॅट’सारख्या द्रव्यांच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. विकर नाहीसे करणे आणि विकर जागेवर ठेवून त्याचे काम थांबवणे, या दोन गोष्टींचा परिणाम एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही, हा धडा पवईच्या प्रयोगाने दिला. निकामी विकर पेशीत तसेच राहते, कोठे तरी चिकटते आणि कधी कधी नवेच काम करू लागते. जनुक काढलेले उंदीर ठणठणीत आहेत, एवढ्यावरून त्या विकराविरुद्धचे औषधही निर्धोक असेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तिसरी बाब रुग्णांच्या रोजच्या त्रासाची. पॅक्लिटॅक्सेल किंवा व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, शर्टाचे बटण लावणेही जड जाते. कर्कपेशी आणि चेतापेशी या दोहोंतील नळ्या एकाच ट्युब्युलिनच्या बनलेल्या असल्याने औषधाला शत्रू आणि मित्र यांत पुरता भेद करता येत नाही. कर्कपेशी विभाजनासाठी नळ्यांची चपळाई वापरते, तर चेतापेशीला हवा असतो दीर्घकाळ टिकणारा, वाकला तरी न तुटणारा रूळ. एकीची चपळाई रोखावी आणि दुसरीचा रूळ सांभाळावा, असे औषध घडवायचे असेल, तर कोणत्या खुणेने कोणते स्थैर्य येते आणि कोणते येत नाही, हे नेमके ठाऊक असलेच पाहिजे.

नंदुरबारहून निघालेल्या रसायनशास्त्रज्ञाने झाडाच्या सालीतून नळ्या गोठवणारे द्रव्य शोधले. पवईच्या प्रयोगशाळेने नळ्या गोठण्यामागचे एक गृहीतक तपासून पाहिले. पहिल्या कामाची फलश्रुती औषधाच्या बाटलीत दिसते, दुसऱ्याची सहजी दिसत नाही. मात्र, उद्याचे औषध योग्य जागी पडायचे असेल, तर खूण कोणती आणि कारण कोणते, हा भेद आधी स्पष्ट व्हावा लागतो. परांचीवरचा रंग पाहून तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. बांबू हलवूनच पाहावा लागतो.